वेल्समध्ये डोंगर आणि खाडी दोन्ही पायी पाहायचे असतील तर कुठे जावं?

तुम्ही बर्मिंगहॅमला आहात, सह्याद्रीत भरपूर हिंडलेले आहात, जूनमध्ये आई-बाबा येणार आहेत आणि त्यांनाही बरोबर न्यायचं आहे, असं प्रश्नात लिहिलंय. मी गेली काही वर्षं याच भागात राहते आणि सवड मिळाली की वेल्स गाठते. मला विचाराल तर डोळे मिटून मौदाखच्या खाडीवर जा. तिच्या दक्षिण काठावर कादाइर इद्रिस उभा आहे. तुमचा डोंगर तोच.

वेल्सचे डोंगर म्हटलं की बहुतेक जण उत्तरेला अर विथ्वाकडे, म्हणजे स्नोडनकडे धावतात. १०८५ मीटर, वेल्समधलं सगळ्यात उंच शिखर, वरपर्यंत आगगाडी. सुट्टीच्या दिवशी माथ्यावर फोटोसाठी रांग लागते. कधीतरी तिथेही जा, पण खाडी आणि डोंगराची अशी जोडी तिथे मिळायची नाही. स्नोडन ज्या एरिरी (स्नोडोनिया) राष्ट्रीय उद्यानात आहे, त्याच्याच दक्षिण भागात मौदाख आहे. खाडीच्या वरच्या अंगाला डोल्गेथ्लाय हे करड्या दगडाचं गाव, समुद्राच्या तोंडाशी बार्मथ, आणि दक्षिणेला ८९३ मीटर उंच कादाइरची भिंत. खाडीच्या काठापासून माथा सरळ रेषेत जेमतेम सहा-सात किलोमीटर. डोंगराची खरी उंची खाडीकाठी उभं राहिल्यावर कळते आणि खाडीचा खरा आकार डोंगरावर चढल्यावर. म्हणून दोन्ही करा, आणि मुक्काम एकाच गावात ठेवा.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. डोंगराचा दिवस इथूनच ठरवून जाऊ नका. तीन दिवस हाताशी ठेवा, रोज रात्री डोंगरासाठीचा हवामान अंदाज बघा (ब्रिटनच्या हवामान खात्याचा एरिरीसाठी वेगळा असतो) आणि त्यातला जो दिवस स्वच्छ निघेल तो कादाइरला द्या. ढग उतरलेले असताना खाडी तितकीच देखणी असते. ढगातल्या माथ्यावर मात्र पायाखालच्या दगडांपलीकडे काही दिसत नाही.

आधी खाडीची वाट, कारण ती सगळ्यांना जमेल. डोल्गेथ्लाय ते बार्मथ अशी साधारण पंधरा किलोमीटरची ही मौदाख ट्रेल जुन्या रेल्वेमार्गावरून जाते. १८६० च्या दशकात रूळ पडले, १९६५ मध्ये गाड्या बंद झाल्या, रूळ निघाले आणि त्याच भरावावर पायवाट झाली. त्यामुळे चढ-उतार जवळपास नाही. सायकली जातात, व्हीलचेअरही जाते. सुरुवातीला दोन्ही बाजूंना कुरणं आणि ओकची झाडी, मग वाट पाण्याच्या अगदी कडेला येते. आपल्या खाड्यांसारखी खारफुटी इथे नाही. तिच्या जागी खाऱ्या पाण्यावर वाढणाऱ्या बुटक्या गवताचे पट्टे आहेत, वेड्यावाकड्या चरांनी चिरलेले.

वाटेत पेनमाइनपूल लागतं. तिथला लाकडी पूल १८७९ चा. एकेकाळी इथे खाडीकाठी जहाजं बांधली जात. १९६६ च्या जुलैमध्ये बार्मथहून आलेली प्रवासी बोट भरतीच्या ओढीने याच पुलावर आदळून बुडाली आणि १५ माणसं गेली. हे सांगण्याचं कारण, खाडी वरून फार शांत दिसते. ओहोटीला वाळूचे मोठेमोठे पट्टे उघडे पडतात आणि सरळ पलीकडे चालत जावंसं वाटतं. अजिबात उतरू नका. मऊ चिखल, मधले खोल प्रवाह आणि मागून झपाट्याने भरत येणारं पाणी, यात स्थानिक माणूसही पाय घालत नाही.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र जरूर बघून निघा. बार्मथचे आकडे सहज मिळतात. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग (मोठी आणि छोटी भरती) सांगायला नको. इथेही अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. भर भरतीला पाणी थेट डोंगरांच्या पायथ्याला टेकतं. पूर्ण ओहोटीला त्याच जागी सोनेरी वाळू, तिच्यातून वळणं घेत जाणारी नदी आणि चिखलात चोच खुपसणारे पक्षी. मला स्वतःला भरती ओसरायला लागल्यानंतरचे दोन तास सगळ्यात आवडतात, कारण चालता चालता समोरचं चित्र बदलत जातं.

ट्रेलचा शेवट म्हणजे बार्मथचा पूल. १८६७ चा, बहुतांश लाकडी खांबांवर उभा, पाऊण किलोमीटरच्या आसपास लांब. १९८० मध्ये समुद्री किड्यांनी हे खांब पोखरल्याचं उघड झालं होतं, तेव्हा पूल राहतो की जातो अशी वेळ आली होती. तो राहिला, आणि अलीकडेच, २०२३ पर्यंत, त्याची मोठी दुरुस्ती झाली. रेल्वे अजून चालू आहे आणि रुळांच्या शेजारून चालणाऱ्यांसाठी फळ्यांची वाट आहे. आई-बाबांना पंधरा किलोमीटर नको असतील तर मोर्फा मौदाख स्टेशनवर उतरवा. तिथून पूल पायी ओलांडून बार्मथ गाठायचं, एवढ्यात मजा येते. मधोमध थांबून पूर्वेकडे पाहिलं की खाडी, तिच्या दोन्ही काठांची जंगलं आणि उजव्या हाताला कादाइर, सगळं एका नजरेत येतं. वारा असेल तर टोपी हातात धरायला सांगा.

आता डोंगर. ८९३ मीटर हा आकडा ऐकून कळसूबाई केलेल्या माणसाला हसू येईल. पण इथे सुरुवात जवळपास समुद्रसपाटीपासून होते आणि वारा अटलांटिकवरून येतो. जूनमध्येही माथ्यावर बोटं गारठतात. वाऱ्या-पावसाचं जाकीट, एक गरम थर, टोपी आणि हातमोजे पाठपिशवीत असलेच पाहिजेत. वर टपरी नाही, ताक-लिंबूपाणी नाही. माथ्याजवळ दगडी आसरा आहे, तेवढाच. त्या माथ्यावर रात्र काढणारा सकाळी एकतर वेडा होऊन उतरतो नाहीतर कवी होऊन, अशी जुनी दंतकथा आहे.

चढायच्या दोन मुख्य वाटा. उत्तरेकडून टी नांट या ठिकाणाहून निघणारी पोनी पाथ सोपी आणि ठळक आहे. ओढ्याकाठून वर, मग दगडी पायऱ्या, खिंड, आणि खिंडीतून डावीकडे धारेवरून माथ्यापर्यंत. शेवटचा टप्पा मोठाल्या दगडांचा. जाऊन-येऊन दहा किलोमीटर, सातशे मीटरच्या वर चढ, निवांत पाच तास धरा. या वाटेने जाताना वळून वळून मागे बघा: खाडी, पूल आणि समुद्र चढागणिक उलगडत जातात. आई-बाबांपैकी कोणी नियमित चालणारं असेल तर चांगल्या दिवशी खिंडीपर्यंत नक्की येऊ शकेल.

दुसरी मिनफोर्दची, दक्षिणेकडून. सह्याद्रीत रमणाऱ्या माणसाला मी हीच सांगेन. पायथ्याच्या ओकच्या जंगलातून अंगावर येणाऱ्या पायऱ्या, खोडाखोडावर शेवाळं, शेजारी ओढ्याचा धबाबा. दमून झाडीबाहेर आलात की थोड्याच वेळात लिन कै समोर येतो. हिमनदीने कोरलेल्या प्रचंड खळग्यात काळंशार तळं आणि तीन बाजूंनी कडे. आपले कडे लाव्हाच्या आडव्या थरांचे. इथलाही बराचसा खडक ज्वालामुखीचाच, पण कितीतरी पटींनी जुना, आणि त्याला आकार दिला तो बर्फाने. त्या कड्यांच्या कपारीत जांभळी सॅक्सिफ्रेज नावाची, आर्क्टिक प्रदेशातही वाढणारी वनस्पती टिकून आहे. तळ्यावरून वाट डावीकडच्या धारेवर चढते, मध्ये थोडी उतरते (इथे पुष्कळांचा धीर खचतो) आणि मग माथा. परत येताना मिनिथ मोएल या शेजारच्या शिखरावरून उतरलात की पूर्ण फेरी होते. सगळं मिळून दहा किलोमीटरच्या आसपास, पण चढ नऊशे मीटरच्या घरात. सहा-सात तास द्या.

नकाशावर फॉक्सेस पाथ अशी तिसरी वाट दिसेल, माथ्यावरून उत्तरेला सरळ खाली. तो नुसता घसारा आहे, सुट्या दगडांचा उतार. घसाऱ्यावरून उतरायची कितीही सवय असली तरी तिकडे जाऊ नका. तुमच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्या माणसापर्यंत जातो.

आपल्याकडे दगडांवर रंगवलेले बाण असतात, तसे इथे नाहीत. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा ओएल २३ हा नकाशा घ्या, होकायंत्र घ्या, फोनवर विसंबू नका. अडचण आलीच तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. ही स्वयंसेवक मंडळी पैसे घेत नाहीत.

वाटेतली फाटकं उघडून गेलात की बंद करा. पायथ्याची जमीन शेतकऱ्यांची आहे, तिथे ठरलेल्या पायवाटेवरूनच जायचं. वरच्या मोकळ्या डोंगरावर २००० सालच्या कायद्याने सगळ्यांना फिरायचा हक्क आहे. नेच्याच्या झुडपांतून गेलात तर संध्याकाळी पायांना गोचीड चिकटलेली नाही ना, ते तपासा.

मधल्या उंचीचं काही हवं असेल तर डोल्गेथ्लायजवळचा प्रेसिपिस वॉक. नानाई नावाच्या खाजगी इस्टेटीतली ही वाट १८९० मध्ये लोकांसाठी खुली झाली. टेकडीच्या कमरेला वळसा घालून तळ्याकाठी परत येणारी साडेपाच किलोमीटरची फेरी, बरीचशी सपाट. एका बाजूला दरी असल्यामुळे ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांना नेऊ नका. बाकी कोणाही साठीच्या माणसाला जमेल. बार्मथच्या डोक्यावर दिनास ओलाय म्हणून टेकडीचा साडेचार एकरांचा तुकडा आहे. फॅनी टॅलबट या बाईंनी तो १८९५ मध्ये, नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था स्थापन झाल्या वर्षीच, ट्रस्टला देऊन टाकला. ट्रस्टला मिळालेली ही पहिली जमीन. गावातल्या गल्ल्यांतून पायऱ्यांनी अर्ध्या तासात वर पोचता येतं आणि तिथून खाडीचं मुख दिसतं.

जून चांगला महिना आहे. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे ढग उठायची वाट बघत दुपारी निघालं तरी चालतं. घरून डबा न्या. शाकाहारी असाल तर विशेष, कारण गावातली खाण्याची ठिकाणं लवकर बंद होतात.

बर्मिंगहॅमहून बार्मथला थेट रेल्वेगाडी आहे, सुमारे चार तास. माखन्थ्लेथ स्टेशनात गाडीचे दोन भाग होतात, एक अॅबरिस्टविथला जातो आणि दुसरा किनाऱ्याने बार्मथवरून पुथ्लेलीला. बसतानाच पुथ्लेलीचा डबा विचारून घ्या. डोल्गेथ्लायला रेल्वे नाही, बार्मथहून बस आहे. डोल्गेथ्लाय-माखन्थ्लेथ बस मिनफोर्दच्या फाट्यावरून जाते. टी नांटला मात्र मोटार किंवा टॅक्सी लागेल. रविवारी बस आणि गाड्या दोन्ही कमी असतात, तेव्हा शनिवार-रविवारऐवजी शुक्रवार ते सोमवार जमतंय का ते बघा.