मॉन्स्टर बुक घ्यायचं तर कुठलं? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या खेळातल्या मॉन्स्टरांच्या पुस्तकांबद्दलच होते, म्हणून सगळं पान त्यालाच दिलंय.

प्रश्न (पुणे): कॉलेजचा ग्रुप आहे, खेळ नुकताच सुरू केलाय आणि डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि मॉन्स्टर खेळवणारा) मी आहे. २०१४चं मॉन्स्टर मॅन्युअल सेकंडहँड मिळतंय, २०२५चं नवं आहे पण महाग पडतंय. कुठलं घेऊ?

उत्तर: आत्ता लगेच कुठलंच नको. आधी एसआरडी (सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट, खेळाच्या मूळ नियमांचा संच) उतरवून घ्या, तो फुकट आहे. २०२३च्या जानेवारीत हे नियम इतरांना वापरू देणारं लायसन्स बदलायच्या बातमीवरून जगभरच्या खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की शेवटी विझर्ड्स ऑफ द कोस्ट या खेळाच्या प्रकाशक कंपनीनं हा नियमांचा भाग क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला, आणि त्यात तीनशेच्या वर मॉन्स्टर आहेत. बिहोल्डर, माइंड फ्लेयर नाहीत, पण गॉब्लिन, ओगर, ट्रोल, ड्रॅगन सगळे आहेत, सुरुवातीची कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट) आरामात निघते. शिवाय मूळ श्रेय दिलं की त्यातले स्टॅट ब्लॉक (मॉन्स्टरचे आकडे आणि क्षमतांचा तक्ता) तुम्ही मराठीत करून वाटूही शकता, आणि हे कोणीतरी खरंच करायला हवं असं मला फार वाटतं.

नंतर घ्यायचंच झालं तर नव्या डीएमला मी २०१४चं सांगेन. २०२५च्या पुस्तकात पाचशेच्या वर मॉन्स्टर आहेत, सगळे एबीसीडीच्या क्रमानं, त्यामुळे खेळता खेळता पटकन सापडतात आणि प्रत्येकाला राहायची जागा, जवळचा खजिना वगैरे दिलंय, सोय चांगली आहे. पण मॉन्स्टरबद्दलचं लिखाण आटलंय. ऑर्कचे वेगळे स्टॅट ब्लॉकच काढून टाकलेत, माणसांसाठी दिलेले ब्लॉक ऑर्कला वापरा असं धोरण आहे, तत्त्व म्हणून मला ते पटतं, पण नवीन माणसाला त्यातून गोष्ट सुचत नाही. २०१४च्या पुस्तकात जमात कशी राहते, कुणाला घाबरते, कुणाची पूजा करते असं पानभर वाचायला मिळतं आणि त्यातच पुढच्या सेशनचा प्लॉट सापडतो.

प्रश्न (नागपूर): पुस्तकं भरपूर आहेत पण लढाया बोअर होतात. मॉन्स्टर येतो, मारतो, मार खातो, मरतो. चॅलेंज रेटिंग बघूनच निवडतो तरी असं का?

उत्तर: कारण चॅलेंज रेटिंग (सीआर) फक्त ताकद सांगतं, वागणं सांगत नाही. २०१४च्या हिशोबात सीआर ५ म्हणजे पाचव्या लेव्हलच्या चार जणांना झेपेल असा एक मॉन्स्टर, बस. त्यात अडचण अशी की तो एकटा असला तर त्याच्या एका पाळीत समोरच्या चार पाळ्या होतात, म्हणून मग मोठ्या मॉन्स्टरना लेजेंडरी ॲक्शन, म्हणजे दुसऱ्यांच्या पाळीनंतर करायच्या जादा चाली, द्यावे लागले. एकटा मॉन्स्टर उभा करू नका, सोबत दोनचार किरकोळ द्या, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

उरलेला निम्मा सुटतो तो मॉन्स्टरला काय हवंय हे ठरवल्यावर. कोबोल्ड घ्या. २०१४च्या पुस्तकात त्याचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) पाच, सीआर एक अष्टमांश, कोणीही फुंकर मारून उडवावा असा. पण १९८७ साली ड्रॅगन मासिकाच्या १२७व्या अंकात संपादक रॉजर मूर यांनी टकर नावाच्या डीएमच्या कोबोल्डांबद्दल लिहिलं होतं. ते कोबोल्ड समोर येऊन लढतच नाहीत. अरुंद बोगदे, भिंतीतल्या फटींतून बाण, आग लावून वाट अडवणं, आणि पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) वळेपर्यंत पसार! चांगली वरच्या लेव्हलची पार्टी, पण खालच्या मजल्यावरच्या डीमनपेक्षा त्यांना या कोबोल्डांची धास्ती जास्त. स्टॅटमध्ये काहीही बदललेलं नव्हतं हे लक्षात घ्या. कीथ अमान यांचं २०१९चं ‘द मॉन्स्टर्स नो व्हॉट दे आर डुइंग’ सगळं याच विषयावर आहे, हा मॉन्स्टर आधी कोणावर जाईल, कधी पळेल हे ते त्याच्या आकड्यांवरूनच काढून दाखवतात. चौथं मॉन्स्टर बुक घ्यायच्या आधी हे घ्या.

प्रश्न (ठाणे): जुन्या एडिशनची पुस्तकं आता वाचण्यात अर्थ आहे का?

उत्तर: आहे, फक्त निवडून. खेळाच्या जनकांपैकी एक गॅरी गायगॅक्स, त्यांचं १९७७चं मूळ मॉन्स्टर मॅन्युअल इतिहास म्हणून बघा, नोंदी फार त्रोटक आहेत. १९८१चं फीन्ड फोलिओ ब्रिटनमधून आलं, त्यातले काही प्रकार अगदीच टाकाऊ पण गिथयांकी ही गाजलेली जमात त्यातलीच. मनापासून सांगेन ते १९९३चं मॉन्स्ट्रस मॅन्युअल. प्रत्येक नोंदीत लढाई वेगळी, राहणी-समाज वेगळा, आणि हा प्राणी काय खातो, त्याचं काय विकलं जातं तेही वेगळं, आणि टोनी डिटर्लिझीची चित्रं. आकडे आज चालणार नाहीत, बाकी सगळं चालतं.

प्रश्न (रत्नागिरी): मॉन्स्टर मॅन्युअलमधला रक्षसा वाघाच्या तोंडाचा आणि उलट्या पंजांचा का? आपल्याकडे असा राक्षस ऐकलेला नाही. आणि मुंजा, वेताळ गेममध्ये आणायचे तर कसे?

उत्तर: १९७७च्या पुस्तकातला तो राक्षस थेट रामायणातून आलेला नाही, त्यावर १९७४च्या कोल्चॅक या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या एका भागाचा ठसा आहे. ओळखीच्या माणसाचं रूप घेऊन जवळ येणं आणि मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणानं मरणं, दोन्ही तिथलं. तरी मला हा मॉन्स्टर आवडतो, कारण रूप बदलून विश्वासघात करणं हे आपल्या मारीचाच्या गोष्टीशी जुळतं, आणि २०१४च्या नियमात सहाव्या लेव्हलपर्यंतचं कुठलंही स्पेल त्याला लागत नाही त्यामुळे विझार्डची पंचाईत होते. वाघाचं तोंड काढा, बाकी तसाच ठेवा.

मुंज झाली पण लग्नाआधी मेला तो मुंजा, पिंपळावर राहणारा. त्याला एसआरडीमधल्या घोस्टचा स्टॅट ब्लॉक जवळजवळ तसाच बसतो, अंगात शिरणं त्यात आहेच. फक्त तो पिंपळाशी बांधलेला ठेवा आणि मारून नाही तर त्याची अपुरी इच्छा पुरवूनच सुटेल असं ठरवा, मग पार्टीला गावात फिरून चौकशी करावी लागेल. वेताळाचं मात्र जपून. कोकणात, गोव्यात तो ग्रामदैवत आहे, लोक त्याला नारळ ठेवतात, त्याला हिट पॉइंट देऊन मारायला उभा करू नका. रात्री गावाच्या शिवेवर भेटणारा, प्रश्न विचारणारा, सौदा करणारा असा ठेवा, आणि त्याच्याबरोबर फिरणाऱ्या भुतांना खुशाल स्टॅट ब्लॉक द्या.