जोडगोळी सुरू करताना

दादा, टॅमसुलोसिन ०.४ आणि ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅमची एकत्र कॅप्सूल मी वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी चार वर्षं घेतोय. सुरुवातीचे दिवस जपा. टॅमसुलोसिनमुळे उठताना रक्तदाब एकदम उतरू शकतो. तिसऱ्याच रात्री मी लघवीला ताडकन उठलो आणि बाथरूमच्या दाराची कडी धरून कसाबसा उभा राहिलो. आता आधी पाय खाली सोडून मिनिटभर पलंगावर बसतो. कॅप्सूल रोज ठरलेल्या जेवणानंतर अर्ध्या तासाने, अख्खी गिळायची. घरात कुणी गरोदर असेल तर फुटलेल्या कॅप्सूलला तिचा हात लागू देऊ नका.

लघवीची धार लवकर सुधारते, पण ग्रंथी आकसायला महिने लागतात. म्हणून मध्येच सोडू नका. आणि हे नीट ऐका: पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासायला रक्तात मोजतात तो आकडा, या औषधामुळेच सहा महिन्यांत साधारण निम्मा दिसतो. चारचा दोन झाला म्हणून पेढे वाटू नका. तपासणाऱ्याला औषधाचं सांगा, आणि आकडा पुन्हा चढू लागला तर लगेच दाखवा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही आधीच सांगायचं. रक्तदान बंद, औषध थांबवल्यावरही सहा महिने. सर्दीची गोळी मात्र मेडिकलमधून परस्पर आणू नका, लघवी तुंबू शकते.