किल्ल्या एकाच्याच कमरेला

प्रश्न : आम्ही पाचसहा जण फावल्या वेळात एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर सांभाळतो. सगळे निर्णय आणि पासवर्ड मूळ लेखकाकडेच. समितीचं नाव काढलं की तो रुसतो. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : रुसू द्या, पण पासवर्ड आधी आणखी दोघांकडे जाऊ द्या. उद्या त्याला ताप आला तरी तुमचं काम अडेल!

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांचा शब्द तिथे वर्षानुवर्षं अखेरचा होता. २०१८ मध्ये ‘:=’ हे चिमुकलं चिन्ह भाषेत आणण्याच्या प्रस्तावावरून इतकी वादावादी झाली की तो मंजूर करूनही ते कंटाळून पायउतार झाले. वारस नेमला नाही, हे उत्तम केलं. मग मुख्य प्रोग्रामरांनीच मतदान करून पाच जणांची सुकाणू समिती आणली. तिच्यात एका कंपनीची दोनपेक्षा जास्त माणसं चालत नाहीत, आणि दोन तृतीयांश मतांनी तिला घरी पाठवता येतं. मला हे दुसरं कलम फार आवडतं. २०१९ च्या पहिल्या समितीत गुइडोही निवडून आले होते. तुमच्या मित्राला एवढं जरूर ऐकवा.

तुम्हा पाचसहा जणांना मात्र तिघांची समिती पुरे. नियम पानभर, पण लेखी.