बिल्ट-इन ओव्हन घ्या, पण आधी भिंतीतली वायर बघा

तुम्ही विचारलंय की भुसावळला नव्या घराचं मॉड्युलर किचन सुरू आहे, तर बिल्ट-इन ओव्हन बसवावा की साधा ओटीजी, म्हणजे सुटा छोटा ओव्हन, आणून ओट्यावर ठेवावा, किती लिटरचा घ्यावा, आणि शेवटी, "आपल्या खान्देशी स्वयंपाकात त्याचा उपयोग तरी होतो का? वांगी भाजता येतात का?"

हे शेवटचं वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. हाच प्रश्न मी माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलाय आणि त्याचं उत्तर द्यायला मला पाच महिने लागले होते.

वांग्याचं आधी सांगते. नाही. भरताचं वांगं ओव्हनमध्ये भाजू नका. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते वांगं कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजायचं, बडगीत, म्हणजे लाकडी पात्रात, टाकून ठेचायचं, वरून हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात. ओव्हनमध्ये साल करपत नाही, धूर लागत नाही, पाणी आतल्या आत राहतं आणि गर उकडल्यासारखा होतो. टोचायला विसरलात तर वांगं आतच फुटतं आणि पुढचा तास काच घासण्यात जातो. भरताला जाळच पाहिजे.

पण म्हणून खान्देशात ओव्हनचं काम नाही, असं कोणी म्हणत असेल तर त्यानं कधी वीस माणसांच्या बट्ट्या, म्हणजे वरणाबरोबर खायचे गव्हाच्या पिठाचे भाजलेले गोळे, लावलेल्या नाहीत.

आमचं घर जळगावला, महाबळमध्ये. २०१८ मध्ये स्वयंपाकघर नव्यानं केलं. ओव्हन घ्यायचा हे मी ठरवलं, पैसेही माझ्या भिशीचे. धाकटे दीर पुण्याला असतात, इंजिनिअर आहेत. त्यांचा फोन आला, "वहिनी, आपल्याकडे कोण ओव्हन वापरतं? शोभेला पडून राहील." ह्यांनी काहीच मत दिलं नाही, आणि आमच्या घरात ह्यांनी गप्प राहणं म्हणजे भावाच्या बाजूनं बोलणं. तरी मी घेतला.

त्या वर्षी चंपाषष्ठीला घरी बावीस माणसं होती. भरीत मळ्यातूनच भाजून आलं होतं, बट्ट्या मी ओव्हनमध्ये लावायच्या ठरवल्या. गव्हाचं जाडसर पीठ, ओवा, हळद, कडकडीत मोहन, सगळं आपल्या नेहमीचं. दोन ट्रे भरून आत सारले. डिसेंबरची थंडी, त्यामुळे पाहुण्यांच्या आंघोळी अकरापर्यंत सुरू होत्या. दहाव्या मिनिटाला ओव्हन बंद पडला आणि गीझरही. ह्यांनी एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा खटका, वर केला, तो परत पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर मी ट्रे बाहेर काढले. वरून पिवळसर, आत कच्चं पीठ. मग त्या अर्धकच्च्या बट्ट्या उकडल्या, कापल्या, तुपात तळल्या आणि दीड तास उशिरानं पंगत बसली. भाऊजी ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं." बावीस माणसांसमोर. कोणी एक शब्द बोललं नाही.

त्यानंतर ओव्हनमध्ये कुरडयांचा डबा ठेवला गेला. पाच महिने तो डबा तिथेच होता. दार उघडलं की काचेआड निळं झाकण दिसायचं आणि दर वेळी मला ते वाक्य ऐकू यायचं.

मार्चमध्ये मी स्वतः वायरमन बोलावला. त्यानं ओव्हनमागचा सॉकेट उघडून मला दाखवला. तीन भोकांपैकी एका भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालं होतं आणि कड थोडी वितळून आत वळली होती. मागे दोन वायरी एकाच स्क्रूत पिळून घट्ट केलेल्या. एक ओव्हनची, दुसरी भिंतीपलीकडच्या गीझरची. किचनचं काम करणाऱ्यानं बाथरूमच्या लाइनीतूनच जोड काढून ठेवला होता आणि आम्हाला सांगितलं होतं, "ताई, सोळा अँपिअरचा पॉइंट दिलाय."

आता हिशोब बघा. आमचा ओव्हन ३००० वॅटचा. २३० व्होल्टवर तो साधारण १३ अँपिअर घेतो. गीझर २००० वॅटचा, म्हणजे जवळपास ९. दोन्ही मिळून २२, आणि वर एमसीबी १६चा. तो पडला हेच चांगलं झालं, नाहीतर भिंतीतली वायर तापत राहिली असती. ओव्हनचा यात काडीचा दोष नव्हता. वायरमननं मुख्य बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर थेट ओढली, २० अँपिअरचा वेगळा एमसीबी लावला, अर्थिंग तपासलं. एका दिवसाचं काम होतं.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हे की ओव्हन नंतर निवडा. किचनच्या भिंती बंद व्हायच्या आत ओव्हनसाठी वेगळी लाइन ओढून घ्या, तिच्यावर दुसरं काहीही नको. लाईट बिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते बघा. एक-दोन किलोवॅटच असेल तर आधी वाढवून घ्या. आणि ओव्हन घरच्या इन्व्हर्टरवर चुकूनही जोडू देऊ नका.

दुसरं माप. आपले मिस्त्री इंच आणि सुतात बोलतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), ओव्हनचं पत्रक मिलिमीटरमध्ये असतं, आणि घोळ तिथे होतो. नेहमीच्या बिल्ट-इन ओव्हनला आतून ५६० मिलिमीटर रुंदी लागते, उंची साधारण ६०० आणि खोली निदान ५५०. मिस्त्री ५६०ला बावीस इंच म्हणतो. बावीस इंच म्हणजे ५५९ देखील नाही. वर दोन्ही बाजूंना आतून सनमायका लावला की आणखी दोन मिलिमीटर गेले. आमचा ओव्हन पहिल्या दिवशी तोंडाशीच अडकला आणि प्लायची कड रंधून घ्यावी लागली. मिस्त्रीला सरळ सांगा, सनमायका धरून आतून बावीस इंच एक सूत. आणि मागची फळी पूर्ण बंद करायची नाही, गरम हवेला वर जायला वाट पाहिजे. आमच्याकडे ती बंद होती, बाजूच्या कपाटाची पट्टी सुटायला लागल्यावर कापली. ओव्हनचं वजन तीस-पस्तीस किलो असतं, तेव्हा खालची फळी नुसती खिळ्यांवर नको, आधार द्या.

उंचीचं तर सगळ्यांत महत्त्वाचं. बहुतेक किचनवाले गॅसखाली बसवतात, कारण चित्रात छान दिसतं. पण दार खाली उघडतं, तापलेला ट्रे वाकून ओढावा लागतो, आणि घरात रांगतं मूल असेल तर काच बरोबर त्याच्या तोंडासमोर. ट्रे तुमच्या कोपराच्या उंचीला आला पाहिजे. घरात जी रोज स्वयंपाक करते तिला उभं करून माप घ्या, मिस्त्रीच्या कोपराचं नको.

आता आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं सांगते, कारण त्याशिवाय माझं उत्तर अर्धवट राहील.

२०१९च्या मे महिन्यात आखाजीला दोन्ही नणंदा मुलाबाळांसह आल्या, भाऊजीही आले. सणाच्या दिवशी पुरणपोळी आणि रस. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आज वरण-बट्टी, आणि सगळ्या बट्ट्या ओव्हनमध्ये. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कुरडयांचा डबा काढून त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी दुपारी व्होल्टेज १९५ होतं. वायरमननं बोर्डावर मीटर बसवलाय म्हणून आकडा माहीत आहे. व्होल्टेज पडलं की ओव्हनची ताकद त्याच्या वर्गाच्या प्रमाणात पडते. १९५ला ३००० वॅटचा ओव्हन साधारण २१५० वॅटचा होतो. एरवी बारा मिनिटांत तापणारा त्या दिवशी अठरा मिनिटांत तापला. पण तापला. कमी व्होल्टेजनं हीटर बिघडत नाही, फक्त वेळ लागतो, म्हणून ओव्हनसाठी स्टॅबिलायझर कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

दोन ट्रे, अठ्ठेचाळीस बट्ट्या, ओव्हनमधला पंखा लावून १८० अंश, चाळीस मिनिटं, मध्ये एकदा ट्रेंची अदलाबदल. बट्टीच्या माथ्यावर चीर गेली, चिरेत बारीक वाफ, कडा खरपूस तांबूस. फोडली तर आत पिठाचा रवा मोकळा, तूप सोडलं की सरळ तळापर्यंत. सासूबाई अमळनेरकडच्या, आयुष्यभर गोवऱ्यांवर बट्टी लावलेली बाई. त्यांनी अर्धी खाल्ली आणि म्हणाल्या, "गोवरीना वास नही, पन बराबर भाजायनी." मला त्याहून जास्त काही ऐकायचं नव्हतं.

आणि मी त्या दिवशी पहिल्या पंगतीला बसले. तुम्ही पुरुष आहात की बाई हे प्रश्नावरून कळत नाही, म्हणून हे फोडून सांगते. गॅसच्या तंदूरवर एका वेळी बारा बट्ट्या होतात. वीस माणसांना चार-पाच घाणे. म्हणजे बट्टी लावणारी बाई दोन-अडीच तास उभी, दर तीन मिनिटांनी उलटत, आणि बाहेर चव्वेचाळीस अंश. पंगती उठतात, हात धुऊन लोक झोक्यावर बसतात, तेव्हा ती शेवटची फुटकी बट्टी घेऊन ताटावर बसते. माझ्या लग्नाला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती आणि त्या तेवीस वर्षांत बट्टीच्या दिवशी मी पहिल्या पंगतीला बसलेली नव्हते. ओव्हनचा "उपयोग काय" विचारणारे सगळे पहिल्या पंगतीचे लोक असतात. तुमच्या घरात कोणी हा प्रश्न विचारत असेल तर त्याला आधी एक दिवस तंदूरपाशी उभं करा. भाऊजींनी त्या दिवशी काही म्हटलं नाही. पुण्याला जाताना मात्र डबा मागितला आणि मी अठरा बट्ट्या बांधून दिल्या.

आता निवडीचं थोडं. आत मागच्या बाजूला पंखा आहे का, एवढंच विचारू नका. पंख्याभोवती गोल हीटर आहे का ते विचारा. नुसता पंखा असेल तर तो खालच्या-वरच्या हीटरची हवा फिरवतो आणि दोन ट्रे लावले की खालच्या ट्रेची बुडं करपतात. गोल हीटर असेल तर दोन्ही ट्रे जवळजवळ सारखे भाजतात. दिवाळीत नानकटाईसाठी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीवर नंबर लावायचा, तोही यानं थांबतो.

डिजिटल घड्याळाचा ओव्हन घेत असाल तर दुकानदाराला त्याचा प्लग काढून परत लावायला सांगा. कित्येक ओव्हन लाईट जाऊन आली की घड्याळ लावल्याशिवाय तापतच नाहीत. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि सासूबाईंना ते घड्याळ लावता येणार आहे का, याचा विचार करा. मला स्वतःला गोल बटणांचाच आवडतो. पीठ लागलेल्या हातानं फिरतो.

फिरती सळई, कोंबडीची जाळी, चाळीस पदार्थांचे तयार प्रोग्रॅम, पाचशे अंशांपर्यंत तापून स्वतःला साफ करणारा प्रकार, यावर पैसे घालवू नका. आतलं तूप गरम असतानाच नाही, पण कोमट असताना पुसलं तर साध्या फडक्यानं निघतं. दाराची आतली काच निघते का, एवढं बघून घ्या. बिलाची भीतीही घालतील. ३००० वॅटचा म्हणजे तासाला तीन युनिट, असं नसतं. तापला की हीटर बंद-चालू होत राहतो. माझ्या मीटरवर दोन ट्रे बट्ट्यांना दीड युनिटच्या आसपास जातात.

कंपनी कोणती, हे मी सांगणार नाही. भुसावळ-जळगावला ज्यांचा दुरुस्तीवाला इथलाच आहे ती घ्या. नाशिकहून माणूस यायची वाट बघावी लागली तर ओव्हनमध्ये परत डबे जातील.

आणि हेही खरं की घर भाड्याचं असेल, दोनच माणसं असाल किंवा फक्त शिळं गरम करायचं असेल, तर बिल्ट-इनच्या भानगडीत पडू नका. तीस लिटरचा ओटीजी किंवा मायक्रोवेव्ह पुरतो. ओटीजीही वाईट नाही, फक्त तो एका वेळी बाराच बट्ट्यांचा, म्हणजे पुन्हा तंदूरच.

लिटरचं राहिलं. ६० सेंटिमीटर रुंदीचे बहुतेक ओव्हन ६५ ते ७५ लिटरचे असतात, त्यात डोकं घालू नका. दुकानात ट्रे बाहेर काढायला लावा आणि घरून एक बट्टी रुमालात बांधून न्या. ट्रेवर ती ठेवत ठेवत मोजा. लांबीत सहा आणि रुंदीत चार, मध्ये बोटभर जागा सोडून बसल्या पाहिजेत.