जलरंगात जराशी चूक झाली की कागद फाडून टाकते. काय करू?

फाडू नका. ओला असताना तर त्याला हातही लावू नका.

अर्धवट वाळलेल्या वॉशवर, म्हणजे पातळ रंगाच्या थरावर, जास्त पाण्याचा ब्रश टेकला की ते पाणी रंगाचे कण बाहेर ढकलतं आणि फुलकोबीसारख्या कडेचा डाग उमटतो. वर्षानुवर्षं रंगवणाऱ्यांच्या कागदावरही तो येतो. घाबरून त्यावर पुन्हा पुन्हा ब्रश फिरवला की मात्र सगळं मातकट होतं. आधी पूर्ण वाळू द्या. जलरंग वाळल्यावरही पाण्याने सुटतो. ओलसर ब्रशने हलकेच चोळून सुती कापडाने टिपलं की बराचसा रंग उचलता येतो. (थॅलो ब्लूसारखे कागदात मुरणारे रंग तेवढे हट्टी.)

आता स्वतःवरच्या रागाबद्दल. क्रिस्टिन नेफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये आत्मकरुणेचे तीन भाग मांडले: स्वतःशी मायेनं वागणं, चुका सगळ्यांच्याच होतात हे ओळखणं, आणि जे दुखतंय ते न दडपता, न फुगवता पाहणं. मला यातल्या दुसऱ्या भागाने फार आधार दिला. चूक झाली की आपण एकट्याच अडाणी आहोत असं वाटतं ना, तेच सर्वांत जास्त छळतं.

मी फसलेले कागद तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवते, मागच्या कोऱ्या बाजूला रंग मिसळून बघते. दोन वर्षांपूर्वी रडत बाजूला टाकलेलं एक पावसाळी आकाश परवा काढलं. तो डाग चांगला ढग दिसतोय. आता ते भिंतीवर आहे.