वाचकांचे प्रश्न: फोल्डर दिसतो पण सेव्ह होत नाही

प्रश्न: नमस्कार सर, सांगलीत गणपती पेठेत आमचा लग्नाच्या अल्बम डिझाइनचा स्टुडिओ आहे, मी, माझा भाऊ आणि कामाला एक पोरगा, तिघांना तीन मशीन, तिन्हीवर उबुंटू. मोठी डिस्क माझ्या मशीनमध्ये आहे, तिथला फोल्डर एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वाटायच्या सोयीने, शेअर केलाय. भावाच्या मशीनवर माउंट होतो, म्हणजे जोडला जातो, फोटो उघडतात, पण त्याच्याच नावावर असलेल्या फोल्डरमध्ये सेव्ह करायला गेला की परमिशन डिनाइड. आणि सगळ्यांसाठी खुला ठेवलेला जो फोल्डर आहे त्यात त्याने काही टाकलं तर माझ्याकडे ते पोराच्या नावाने दिसतं, हे काय गौडबंगाल आहे? एक ओळखीचे म्हणाले सगळ्याला ७७७ परमिशन दे, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, आणि नो रूट स्क्वॉश टाक, विषय संपला. टाकू का?

उत्तर: नका टाकू दादा, दोन्ही नका टाकू. तुमचा आजार वेगळाय आणि तो तुम्ही स्वतःच बरोबर सांगितलाय, भावाने टाकलेलं पोराच्या नावाने दिसतं म्हणून.

एनएफएस नेहमीच्या पद्धतीने चालतं तेव्हा सर्व्हर, म्हणजे फोल्डर देणारं तुमचं मशीन, नाव बघतच नाही. क्लायंटकडून, म्हणजे फोल्डर वापरणाऱ्या मशीनकडून, येणाऱ्या प्रत्येक मागणीबरोबर युजरचा नंबर येतो, यूआयडी, सोबत ग्रुपचे नंबर येतात, आणि सर्व्हर त्यावर सरळ विश्वास ठेवतो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये हे काढलं तेव्हा एका ऑफिसातली सगळी मशीन एकाच अ‍ॅडमिनच्या ताब्यात असायची, सगळीकडे नंबर सारखेच असायचे, त्यामुळे ते चालून जायचं. उबुंटू मात्र पहिल्या युजरला १०००, दुसऱ्याला १००१, तिसऱ्याला १००२ असे नंबर देत जातो, म्हणजे ज्या क्रमाने युजर बनवले तो क्रम महत्त्वाचा. तुमच्या मशीनवर तुमच्यानंतर भावाचा युजर बनला असणार, मग पोराचा, आणि भावाच्या मशीनवर तुमच्यानंतर आधी पोराचा, मग भावाचा. म्हणजे भाऊ तिकडून १००२ म्हणून येतो आणि तुमच्या मशीनच्या लेखी १००२ म्हणजे पोरगा. खात्री करायला दोन्ही मशीनवर आयडी कमांड द्या, आणि सर्व्हरवर त्या फोल्डरात एलएस ला एल आणि एन हे दोन पर्याय लावून बघा, नावाऐवजी नंबर दिसतील.

आता ७७७ ने काय होईल ते बघा. आज सेव्ह होईल, पण उद्या जी नवी फाइल बनेल ती ७७७ नसणार, परत तीच बोंब, आणि मधल्या काळात कोणीही कोणाचाही अल्बम उडवू शकतो. नो रूट स्क्वॉशचा तर इथे संबंधच नाही कारण भाऊ रूट, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार असलेला युजर, म्हणून काम करत नाही. रूट स्क्वॉश म्हणजे क्लायंटवरच्या रूटला सर्व्हरने नोबडी समजायचं, ६५५३४ नंबरचा बिनहक्काचा युजर. ते काढलं की तिकडच्या मशीनवर ज्याच्याकडे सुडो, म्हणजे रूटचे अधिकार वापरायची मुभा, आहे तो तुमच्या शेअर केलेल्या फोल्डरात मालक होतो. लोक हा सल्ला फार सहज देतात, मला त्याची खरंच काळजी वाटते, कारण लग्नाचे फोटो परत काढता येत नाहीत.

करायचं काय तर नंबर जुळवायचे. भावाच्या मशीनवर तुमच्या लॉगिनमधून जा, भाऊ आणि पोरगा दोघंही लॉगआउट पाहिजेत, मग यूजरमॉड कमांडने आधी पोराला ३००२ सारखा मोकळा नंबर द्या, भावाला १००१ करा, शेवटी पोराला १००२. ग्रुपचे नंबर याने बदलत नाहीत, ते ग्रुपमॉडने असेच वेगळे बदला. होम फोल्डरमधल्या फाइलींचा मालक आपोआप बदलतो पण बाहेरच्या फाइली फाइंड आणि सीएचओन (chown) या कमांडनी तुम्हालाच बदलाव्या लागतात, आणि सर्व्हरवर चुकून पोराच्या नावावर पडलेल्या फाइली पण. पोराच्या मशीनवरचे नंबरही बघून घ्या. मग तिघांचा एक कॉमन ग्रुप करा, नंबर तिन्हीकडे तोच, अल्बमच्या फोल्डरला तो ग्रुप आणि २७७५ परमिशन द्या, युमास्क, म्हणजे नव्या फाइलीतून कोणते हक्क वगळायचे तो आकडा, ००२ ठेवा, म्हणजे कोणीही फाइल बनवली तरी ग्रुप तोच राहतो आणि बाकीच्यांना लिहिता येतं.

सोपा मार्ग पण आहे, ऑल स्क्वॉश लावून सगळ्यांना एकाच नंबरवर आणायचं. पण मग अल्बममध्ये कोणी काय बदललं ते कळत नाही, म्हणून मी तुम्हाला पहिलाच सांगेन. आणि कोणी म्हणेल एनएफएस ४ वापरा त्यात नावं जातात, तर दिसायला नावं जुळतात हे खरं, पण कर्बेरॉस, म्हणजे युजरची ओळख पटवणारी वेगळी व्यवस्था, लावलं नसेल तर परवानगी शेवटी नंबरवरच ठरते.

एक्स्पोर्ट्सच्या फाइलीत, म्हणजे कोणाला काय शेअर करायचं ते जिथे लिहितात तिथे, अजून एक बघा, मशीनचा आयपी पत्ता आणि पुढचा पर्यायांचा कंस यांच्यामध्ये स्पेस पडलेली नको. स्पेस पडली की त्या आयपीला फक्त वाचायची परवानगी मिळते आणि कंसातलं लिहायचं स्वातंत्र्य जो कोणी पोचेल त्या प्रत्येकाला, अर्थ पार उलटा होतो. बदल केला की एक्स्पोर्टएफएसला आर आणि ए लावून चालवा, मग व्ही लावून खरंच काय लागू झालंय ते वाचा.

प्रश्न: मिरजेत आमच्या क्लासच्या लॅबमध्ये लाइट गेली की एनएफएसचा सर्व्हर बंद पडतो आणि यूपीएसवरची बाकी मशीन पण गोठतात, डिस्कवरची जागा दाखवणारी डीएफ कमांड सुद्धा अडकून बसते. सॉफ्ट माउंट केलं तर सुटेल म्हणतात, करू का?

उत्तर: गोठतात हे बरोबरच होतंय हो. हार्ड माउंटमध्ये क्लायंट सर्व्हरची वाट बघत राहतो आणि सर्व्हर परत आला की लिहिणं पुढे चालू होतं. सॉफ्टमध्ये थोडा वेळ वाट बघून एरर देतो, आणि बरेच प्रोग्राम ती एरर नीट हाताळत नाहीत, फाइल अर्धवट राहते आणि पोरांना वाटतं सेव्ह झालं. त्यामुळे हार्डच ठेवा, सर्व्हरला यूपीएस द्या आणि नेटवर्कच्या स्विचलाही द्या, तो बहुतेक जण विसरतात. एफस्टॅबमध्ये, म्हणजे बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीत, नोफेल आणि सिस्टमडीचं ऑटोमाउंट टाका म्हणजे सर्व्हर बंद असला तरी मशीन बूट व्हायला अडणार नाही. स्पीडसाठी कोणी असिंक लावलं असेल तर काढा, त्यात डिस्कवर पोचायच्या आधीच सर्व्हर झालं म्हणून सांगतो आणि तेवढ्यात लाइट गेली तर गेलं.

प्रश्न: साताऱ्यात आमच्या ऑफिसात लिनक्सबरोबर दोन विंडोज मशीन पण आहेत, त्यांना एनएफएस द्यावं का?

उत्तर: विंडोजला सांबा द्या, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फोल्डर शेअर करणारा प्रोग्राम, तिथे नाव-पासवर्ड विचारूनच आत घेतात. तोच फोल्डर दोन्हीकडून दिला तरी चालतो, फक्त एकच फाइल एकाच वेळी दोन्हीकडून उघडून लिहू नका.

प्रश्न: सांगलीत हरभट रोडला आमचं अकाउंटिंगचं काम आहे, सगळा डेटा आता सर्व्हरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवतो, म्हणजे बॅकअप झालाच ना?

उत्तर: नाही झाला. शेअर म्हणजे एकच प्रत सगळ्यांना दिसणं, एकाने डिलीट केलं की सगळ्यांकडून गेलं. आणि तुम्ही हरभट रोडला आहात, ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, सर्व्हर तळमजल्यावर असेल तर आधी वर न्या. रोज रात्री आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने दुसऱ्या डिस्कवर तारखेनुसार वेगळ्या प्रती होऊ द्या, आणि आठवड्याला एक प्रत नदीपासून लांब, विश्रामबागेत कोणा नातेवाइकाकडे का होईना, जाऊ द्या. त्यातली एखादी फाइल मधूनमधून उघडून बघत जा, नुसती कॉपी झाली म्हणून समाधान मानू नका.