गणपतीत बघू म्हणालात तर मुदत गेली

या पावसाळ्यातलं हे तिसरं पत्र. आधी दापोली, मग मालवण, आता तुमचा रत्नागिरीजवळचा टू बीएचके. नवीन बिल्डिंग, मालक नोकरीला मुंबईत, घर वर्षभर बंद, उघडायचं ते गणपतीत नाहीतर शिमग्याला, आणि उघडून दोन दिवस आंघोळी झाल्या की बाथरूमच्या सिलिंगवरून थेंब, रंगाचे पोपडे, कोपऱ्यात काळी बुरशी. बिल्डर म्हणतो हे लीकेज नाहीच, गिझरची वाफ आहे, खिडकी उघडी ठेवा. वरचा ब्लॉक कुलूपबंद असतानाही ठिबकतं म्हणजे त्याचंच खरं का, असं तुम्ही विचारलंय, आणि शेवटी सहज लिहावं तसं लिहिलंय की घाई नाही, यंदा गणपतीत आलो की त्याला समोरासमोर गाठतो, ताब्याला पाच वर्षं तेव्हाच पुरी होतात.

घोडं इथेच पेंड खातंय. बाकीचं नंतर.

तुम्ही गणपती ते गणपती मोजलंत. पझेशन लेटरवर तारीख आहे ३ सप्टेंबर २०२१. त्या वर्षी चतुर्थी १० सप्टेंबरला होती, तुम्ही आठवडाभर आधी येऊन चावी घेतलीत. यंदा अधिक ज्येष्ठ येऊन गेला त्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला. कायदा पंचांग बघत नाही हो, त्याचं वर्ष इंग्रजी कॅलेंडरचं. रेरा, म्हणजे बिल्डर आणि घर घेणाऱ्यांच्या व्यवहाराचा कायदा, त्याच्या कलम १४(३) मधे काय आहे, तर ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत दोष बिल्डरच्या नजरेस आणला तर त्याने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा, नाही केला तर नुकसानभरपाई मागता येते. म्हणजे तुम्ही मखर बांधायला याल तेव्हा मुदत संपून दहा दिवस झालेले असतील.

"पण मी तर किती वेळा फोन केलेत." केले असतील. कायद्यात नोटीस लेखीच हवी असं शब्दशः नाहीये हे खरं, पण उद्या बिल्डर म्हणाला मला कुणी काही सांगितलंच नाही, तर काय दाखवणार? २०२४ मधे साईटवरच्या सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलात आणि त्याने अंगठा दाखवला, एवढाच तुमचा पुरावा. तो चॅट डिलीट करू नका, फोनही बदलू नका, पुढेमागे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागतं ते सर्टिफिकेट लावून तो देता येईल, पण सुपरवायझरला सांगणं म्हणजे बिल्डरला सांगणं का यावरच दोन तारखा खर्ची पडतील. चार वर्षांत एक साधी ईमेल टाकायला काय झालं होतं?

तर आता जुलै आहे, याच आठवड्यात नोटीस पाठवा. ॲग्रीमेंटमधे पत्रव्यवहाराचा क्लॉज आहे, तिथे दिलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवर, दोन्हीकडे. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टातच गेलंय, त्यामुळे स्पीड पोस्ट करा पण पोच मागून घ्या. फर्म असेल तर सगळ्या पार्टनरना.

आणि नोटिशीत लीकेज हा शब्द लिहू नका. वाफ हाही नको. जे डोळ्यांना दिसतं ते लिहा, सिलिंग ओलं राहतं, थेंब पडतात, रंग सुटलाय, अमुक तारखेचे फोटो सोबत आहेत, कारण शोधून दुरुस्त करून द्या. तुम्ही लीकेज लिहिलंत की तो वाफ सिद्ध करत बसणार आणि तुमची केस तिथेच बसली. घरच्या घरी बघायचंच असेल तर सिलिंगचा एक तुकडा कोरडा करून त्यावर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवा, दोन दिवस नेहमीसारख्या आंघोळी करा, पाणी प्लास्टिकच्या खालच्या अंगाला धरलं तर वाफ, वर स्लॅबच्या बाजूला धरलं तर स्लॅबमधून येतंय. हा काही कोर्टात चालणारा रिपोर्ट नव्हे, तुमच्या माहितीसाठी.

समजा वाफच निघाली. तरी बिल्डर सुटला असं मी म्हणणार नाही. व्हेंटिलेटर डक्टमधे उघडतो आणि डक्टवर बिल्डरने पत्रा मारलाय असं तुम्ही ओघात लिहून गेलात, खरं तर पत्रातली सगळ्यात कामाची ओळ ती. महारेरा, म्हणजे राज्याचं रेरा प्राधिकरण, त्याच्या साईटवर प्रोजेक्टच्या पानावर मंजूर प्लॅन असतो, तो काढून बघा. प्लॅनमधे डक्ट वरून उघडा असेल आणि प्रत्यक्षात बंद, तर मग वाफेला दोष देऊन कसं चालेल? किती वजन मिळेल ते इंजिनियरच्या रिपोर्टवर.

पझेशन लेटरमधल्या "पाहणी केली, कोणतीही तक्रार नाही" या ओळीला घाबरू नका, त्या दिवशी न दिसणारा दोष त्यात येत नाही असं म्हणता येतं. त्या पीव्हीसी फॉल्स सिलिंगची मात्र काळजी वाटते. ओल दिसू नये म्हणून २०२३ मधे ते ठोकलंत, म्हणजे दुखणं झाकलंत आणि वर बिल्डरला आयतं निमित्त दिलंत, कारण बाथरूममधे परवानगीशिवाय बदल केला तर जबाबदारी संपली असा क्लॉज तुमच्या ॲग्रीमेंटमधे आहे. नळाच्या पाईपला हात लावलेला नाही त्यामुळे तो क्लॉज टिकेल असं वाटत नाही, खात्री देत नाही.

नशिबाने तुमच्या प्रोजेक्टला रेरा नंबर आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर किंवा ८ फ्लॅटपर्यंतच्या बिल्डिंगला नोंदणी लागत नाही, आणि गावाकडे अशाच जास्त. तिथे ग्राहक आयोग, आणि त्याची मुदत २ वर्षं.

३० दिवसांत माणूस फिरकला नाही तर महारेराकडे ऑनलाईन तक्रार, भरपाईसाठी वेगळा अर्ज. ऑर्डर झाली तरी पैशाची वसुली कलेक्टरमार्फत, तिथून तहसीलदार, तिथे फाईल किती पावसाळे बघेल ते मी सांगू शकत नाही. म्हणून आधी दुरुस्तीच मागा, पैसे नंतर.

नोटीस गेली की पोस्टाची पावती आणि ट्रॅकिंगचा प्रिंट काढून ठेवा, ऑनलाईन ट्रॅकिंग काही महिन्यांनी दिसेनासं होतं. आणि गणपतीत आलात की फॉल्स सिलिंग उतरवायच्या आधी व्हिडिओ घ्या.